जुने भिंग, नवी हमी

इंदूरजवळच्या यशवंतसागर तलावाच्या काठी सारस पक्ष्यांची जोडी उतरते, तेव्हा साधा कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या पक्षिप्रेमी माणसाच्या पदरी बहुधा निराशाच येते. डोळ्यांना पक्षी स्वच्छ दिसत असतो. छायाचित्रात मात्र तो गवतातला एक करडा ठिपका होऊन राहतो. ही उणीव टेलिफोटो लेन्स भरून काढते. लेन्सचे नाभीय अंतर जितके मोठे, तितका दृश्याचा लहान भाग तिच्यात मावतो आणि तो तितकाच मोठा होऊन उमटतो. ३६ मिलिमीटर रुंदीच्या संवेदकावर ४०० मिलिमीटरची लेन्स आडव्या दिशेने जेमतेम ५ अंशांचा कोन टिपते. झूम लेन्समध्ये हे अंतर, उदाहरणार्थ १०० पासून ४०० पर्यंत, हवे तसे पालटता येते.

अशी लेन्स महाग असते, त्याला विक्रेत्याच्या लोभापेक्षा प्रकाशशास्त्र अधिक कारणीभूत आहे. ४०० मिलिमीटरवर एफ ५.६ इतके ॲपर्चर हवे असेल, तर ४०० ला ५.६ ने भागून येणारे सुमारे ७१ मिलिमीटर व्यासाचे प्रकाशद्वार मिळालेच पाहिजे. पुढचे भिंग त्याहून लहान असून भागत नाही. शिवाय रंगदोष आवरणारी विशेष काच, हाताचा कंप सावरणारी यंत्रणा आणि फोकसची मोटर. साहजिकच नवी लेन्स कित्येकदा कॅमेऱ्याहून महाग पडते, आणि मध्यम प्राप्तीच्या माणसाची दृष्टी ‘रिफर्बिश्ड’ लेन्सकडे वळते.

हा शब्द मोठा आश्वासक आहे खरा, परंतु त्याचे वजन तो कोण उच्चारतो यावर ठरते. ग्राहकाने चार दिवसांत परत केलेली, दुकानात प्रदर्शनासाठी मांडलेली किंवा दुरुस्तीला आलेली लेन्स उत्पादक आपल्या कारखान्यात तपासतो, बिघडलेले भाग बदलतो आणि स्वतःच्या हमीसह विकतो, तेव्हा तो शब्द सार्थ असतो. एखादा व्यापारी जुनी लेन्स विकत घेतो, बाहेरून पुसतो, नव्या खोक्यात घालतो आणि तोच शब्द चिकटवतो, तेव्हा ती केवळ वापरलेली वस्तू असते. तशी वस्तू घेण्यात गैर काहीच नाही. मात्र तिला वापरलेल्या वस्तूचाच भाव द्यावा. म्हणून पहिला प्रश्न किमतीचा नव्हे, हमीचा: ती कोणाची, किती महिन्यांची, आणि भारतातील सेवा केंद्र ती मानील काय? परदेशातून खासगी मार्गाने आलेल्या लेन्सची हमी येथे पुष्कळदा चालत नाही.

मिररलेस कॅमेऱ्यामुळे या बाजारात एक नवी सोय झाली आहे. जुन्या कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म किंवा संवेदक यांच्यामध्ये आरसा असे, म्हणून लेन्स दूर बसवावी लागे. कॅननच्या ईएफ रचनेत हे अंतर ४४ मिलिमीटर होते, आरएफ रचनेत ते २० आहे. निकॉनच्या एफ रचनेत ते ४६.५ होते, झेड रचनेत १६ आहे. मधल्या रिकाम्या जागेत ॲडॅप्टर बसतो आणि जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालते. उलट मात्र होत नाही. २०१८ साली या दोन्ही कंपन्या पूर्ण आकाराच्या संवेदकाच्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळल्या आणि पुढे जुन्या बांधणीच्या उत्तम टेलिफोटो लेन्स पुष्कळांनी विकायला काढल्या. त्या अवश्य पाहाव्यात. मात्र निकॉनच्या ज्या जुन्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, त्या कंपनीच्या एफटीझेड ॲडॅप्टरवर आपोआप फोकस साधत नाहीत, हे आधीच ठाऊक असावे.

आपल्या देशात जुन्या लेन्सचा खरा शत्रू बुरशी हा आहे. मुंबई, कोलकाता, कोची येथील चार पावसाळे चामड्याच्या बंद पिशवीत काढलेली लेन्स वरून चकचकीत दिसेल. पण आतल्या भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरलेले असू शकतात. आरंभीची बुरशी कुशल कारागीर पुसून काढतो. ती मुरली म्हणजे तिच्या आम्लस्रावाने भिंगावरचा लेप, आणि पुढे काचही, कोरली जाते. ती खूण मग कोणत्याही सफाईने जात नाही. अशी लेन्स उन्हासमोर धरली की चित्र पांढुरके आणि निस्तेज येते. म्हणून अंधाऱ्या खोलीत विजेरीचा झोत तिरपा टाकून लेन्स दोन्ही टोकांकडून पाहावी. धुळीचे चार कण दिसले तर घाबरू नये, त्यांनी चित्राचे काही बिघडत नाही. तंतू किंवा पुसट डाग दिसला तर मात्र लेन्स तत्काळ परत करावी.

मिररलेस लेन्सची आणखी एक गंमत अशी की, कॅमेऱ्याला जोडल्याशिवाय ती जवळजवळ निर्जीव असते. हातात घेऊन हलवली असता आत काही सरकल्याचा आवाज आला, तर तो दोष असेलच असे नाही. काही लेन्समध्ये फोकसचा गट विजेविना मोकळाच असतो. यास्तव परीक्षा कॅमेऱ्यावरच घ्यावी. गच्चीवरच्या विटांच्या भिंतीसमोर तिकाटण्यावर कॅमेरा अगदी समांतर बसवावा, कंप सावरणारी यंत्रणा बंद करावी आणि ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवून आखूड, मध्यम व लांब अशा तिन्ही ठिकाणी चित्रे घ्यावीत. चारही कोपरे सारखेच स्पष्ट किंवा सारखेच मृदू असतील तर ठीक. एकच बाजू अंधूक असेल, तर आतले भिंग कलले आहे; लेन्स कधी तरी पडली असावी. पुढच्या कड्याचे आटे वाकलेले किंवा स्क्रूंची डोकी खरवडलेली असतील, तर हा संशय बळावतो. ही परीक्षा दूरच्या झाडावर घेऊ नये. उन्हाळ्याच्या दुपारी तापलेली हवाच थरथरत असते आणि निर्दोष लेन्स नाहक बदनाम होते.

ह्या साऱ्यासाठी परत करण्याची मुदत हवी, आणि ती पावतीवर लिहिलेली हवी. पावतीवर लेन्सचा अनुक्रमांक, ‘रिफर्बिश्ड’ हा शब्द आणि हमी देणाऱ्याचे नाव नसेल, तर तोंडी वचनाला किंमत नाही. स्वतःच्या उपयोगासाठी व्यापाऱ्याकडून मोबदला देऊन वस्तू घेणारा माणूस, वस्तू जुनी असली तरी, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकच ठरतो. दोष दडवून लेन्स गळ्यात मारली गेल्यास त्याला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथेही पहिल्यांदा पावतीच मागतात.