जुनी चौकट उतरवताना पहार नको

आमच्या गटातल्या एका ताईंचं घरकुल मंजूर झालं. घरकुलाला जे पैसे मिळतात, ते भिंती-छपरातच संपतात. दारं-खिडक्यांना उरतं काय? म्हणून जुन्या घरातलं सागवान जपून उतरवायचं ठरलं. चौकटीभोवतीच्या नक्षीच्या पट्ट्या, गणेशपट्टी, सगळं.

पाडकामाचा गडी आला तो पहार खांद्यावर टाकूनच. मी म्हटलं, दादा, ती आधी बाहेर ठेवा. कारण माझ्या सासरी हेच झालं होतं. पहारीच्या एका हिसक्यात आजेसासूबाईंच्या वेळची पट्टी उभी चिरली आणि जळणाच्या भावाने गेली. जुनं लाकूड वाळून कडक झालेलं असतं, ते वाकत नाही. एका जागी जोर पडला की रेषेरेषेने फाटतं. म्हणून जोर थोडा थोडा, आणि पसरवून द्यायचा.

आधी धारदार सुरीने पट्टी आणि भिंत यांच्या सांध्यातला रंग कापून घ्या. हे केलं नाही, तर गिलाव्याचा पोपडा पट्टीबरोबर येतो. मग रंगारी लांबी भरतात ती पातळ पत्र्याची पट्टी टोकाकडून, खिळ्याच्या जवळ, हलक्या हातोडीने आत सरकवा. नखाएवढी फट पडली की पटाशी घाला. पटाशीच्या पाठीशी भिंतीकडून लाकडाची चपटी फळी हवीच, नाहीतर भिंतीला खड्डा पडतो. फट वाढली की तिथे लाकडी पाचर अडकवून पुढच्या खिळ्याकडे जायचं. एका टोकाला पट्टी उचलून ओढायचा मोह होतो, तिथेच ती मोडते.

खिळा हलतच नसेल तर भांडू नका. लोखंड कापायच्या करवतीचं नुसतं पातं, एका टोकाला चिंधी गुंडाळून, फटीतून घाला आणि खिळा आतल्या आत कापा. जुन्या घरात बऱ्याचदा खिळ्याऐवजी लाकडी खुंटी असते. तिचं बारीक टोक शोधून त्या बाजूने ठोकायची, म्हणजे ती आली तशी परत जाते.

पट्टी निघाली की खिळे मागून ठोकू नका, डोक्याबरोबर समोरची नक्षी उडते. बारीक डोक्याचा खिळा मागच्या बाजूने अंबुराने, म्हणजे सुताराच्या चिमट्याने धरून, खाली लाकडाचा तुकडा ठेवून ओढा. मोठ्या डोक्याचा असेल तर मागून थोडासाच ठोकायचा आणि समोरून उपसायचा. प्रत्येक पट्टीच्या मागे खडूने नंबर घाला, त्याआधी मोबाईलवर फोटो काढा. आम्ही दोन पट्ट्यांना नंबर विसरलो, तर सुताराचा अर्धा दिवस त्यातच गेला.

गणेशपट्टीची घाई मात्र करू नका. तिच्या मागच्या लाकडावर भिंतीचा भार असू शकतो. वरची भिंत उतरल्यावरच तिला हात लावा.

आणि रंगाबद्दल. घरच्या रंगातल्या शिशावर २०१७ पासून कडक मर्यादा आली. त्याआधीच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो जाळून किंवा कोरडा घासून काढू नका, पाणी मारून ओला ठेवा. लहान मुलं आणि गरोदर बाया तिथे नकोत. तोंडाला फडकं बांधल्याने शिशाची बारीक धूळ थांबत नाही, म्हणून धूळ उडूच द्यायची नाही. खिळा लागला तर धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.

ताईंच्या नऊ पट्ट्यांपैकी आठ शाबूत निघाल्या. नववीत आधीच वाळवी होती. बाकीच्या आता विटांवर आडव्या ठेवल्या आहेत, जमिनीपासून वर. पटाशी, अंबूर, पातं आणि पाचरी गटाच्या पेटीत आहेत. कुणाला हव्या असतील तर सचिव ताईंकडे वहीत सही करून न्या, आणि पटाशीची धार लावून परत आणा.