ओबेत: चित्राच्या आत मांडलेली टेबलं

स्ट्रासबर्ग शहराच्या मधोमध क्लेबेर चौक आहे. त्याची उत्तरेकडची बाजू व्यापून एक लांबलचक दगडी इमारत उभी आहे. तिचं नाव ओबेत. झाक-फ्रान्स्वा ब्लाँदेल या वास्तुकाराने अठराव्या शतकात, १७६५ पासून, ती लष्करासाठी बांधायला घेतली. पुढे तिथे शहराचं कलासंग्रहालय आलं आणि १८७० च्या ऑगस्टमध्ये प्रशियन तोफांच्या माऱ्यात ते जळून गेलं. इमारत दुरुस्त झाली. शहर फ्रान्सकडून जर्मनीकडे गेलं आणि पहिल्या महायुद्धानंतर परत फ्रान्सकडे आलं. चौकात उभं राहून पाहणाऱ्याला आजही ब्लाँदेलचा शिस्तशीर दर्शनी भागच दिसतो. आत काय घडून गेलं, याचा त्यावरून काही पत्ता लागत नाही.

१९२८ च्या १७ फेब्रुवारीला या इमारतीच्या उजव्या भागात एक उपाहारगृह सुरू झालं. उपाहारगृह म्हणणं खरं तर अपुरं आहे. तळघरात नाचघर आणि अमेरिकन बार. तळमजल्यावर कॅफे, रेस्टॉरंट, चहाची खोली, केक-पेस्ट्रीचं दुकान आणि आणखी एक बार. वरच्या मजल्यावर सिनेमा बघत नाचायचं दालन, मेजवान्यांचं मोठं सभागृह आणि त्या दोहोंच्या मधे बसायचा फॉयर-बार. दुपारच्या चहाला आलेलं माणूस पहाटेपर्यंत याच छपराखाली रमावं, असा बेत होता. आणि हे सगळं सजवायचं काम तीन चित्रकारांकडे दिलेलं होतं. खाण्यापिण्याच्या आणि नाचण्याच्या जागेचा इतका गंभीरपणे विचार विसाव्या शतकात फार थोड्या वेळा झाला, असं मला ठामपणे वाटतं.

पॉल आणि आंद्रे हॉर्न या भावांनी इमारतीचा हा उजवा भाग १९२२ साली शहराकडून भाडेपट्ट्याने घेतला होता. पॉल स्वतः वास्तुकार होता. १९२६ मध्ये सजावटीचा प्रश्न आला तेव्हा हॉर्न बंधू गेले ते सोफी टॉयबर-आर्प हिच्याकडे. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण ओबेतच्या बहुतेक वर्णनांत तिचं नाव दुसरं किंवा तिसरं येतं. सोफी तेव्हा झुरिकच्या कलाशाळेत कापडकाम आणि भरतकाम शिकवत होती. उभ्या-आडव्या चौकटींची तिची अमूर्त रचना विणकामातून आणि टाक्यांतून वर आलेली आहे. शिवाय ती नाचणारी होती. रुडॉल्फ फॉन लाबानच्या शाळेत ती नृत्य शिकली होती आणि १९१७ साली झुरिकच्या ‘दादा’ या कलाचळवळीतल्या मंडळींच्या गॅलरीत मुखवटा घालून नाचली होती. नाचघर ज्या माणसाकडे सजवायला दिलं त्याने स्वतः नाचलेलं असणं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

काम एकटीच्या आवाक्याबाहेरचं होतं. तिने नवऱ्याला, म्हणजे ज्याँ आर्पला, सोबत घेतलं. तो स्ट्रासबर्गचाच, जन्म १८८६. मग दोघांनी मिळून थिओ व्हान डूसबर्गला बोलावलं. हा डच चित्रकार, ‘दे स्टाइल’ या मासिकाचा संस्थापक, बोलायला-लिहायला फर्डा आणि स्वतःच्या मतांवर अढळ. चित्रकार मोंद्रियानशी त्याचं फाटलं त्यात तिरक्या रेषेचाही वाटा होता. मोंद्रियानला चित्रात फक्त उभं आणि आडवं मान्य होतं. डूसबर्ग १९२४ पासून सगळी रचना पंचेचाळीस अंशांत कलती करू लागला होता. कॅनव्हासवर मांडलेलं ते भांडण आता चार भिंती आणि छत भरून मांडायची संधी त्याला मिळाली. एकूण आराखड्याची सूत्रंही त्याच्याच हातात आली.

सिने-बाल, म्हणजे सिनेमा बघत नाचायची वरच्या मजल्यावरची खोली, हे त्याचं सर्वांत गाजलेलं दालन. एका टोकाला पडदा, मधे नाचायची मोकळी जमीन, कडेने टेबलं. भिंतींवर आणि छतावर मोठमोठे तिरके रंगपट्टे: पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा, करडा, पांढरा. खिडक्या, दारं आणि सज्जा यांनी या खोलीची एकही भिंत अखंड ठेवलेली नव्हती. डूसबर्गचं म्हणणं असं की वास्तूने उभ्या-आडव्याचा कारभार आधीच पक्का करून टाकला आहे, तेव्हा रंगाने त्याच्या विरोधात उभं राहायला हवं. म्हणून रंग तिरके. एका भिंतीवर सुरू झालेला पट्टा कोपऱ्यापाशी न थांबता पुढे जातो, छतावर चढतो. कोपरा दिसतो आणि त्याच वेळी नाहीसा झाल्यासारखा वाटतो.

या भिंतींजवळ गेलं की आणखी एक गोष्ट लक्षात येते. रंगाचे तुकडे सपाट भिंतीवर रंगवलेले नाहीत. प्रत्येक तुकडा भिंतीच्या पातळीपासून उचललेला आहे आणि दोन तुकड्यांच्या मधे वेगळ्या पातळीवरची पट्टी सोडलेली आहे. लाल आणि हिरवा एकमेकांना खेटून बसले की डोळ्यात त्यांची सरमिसळ होते, कडा थरथरल्यासारख्या दिसतात. मधल्या पट्टीमुळे ते टळतं. प्रत्येक रंग आपापल्या हद्दीत राहतो. हे कारण डूसबर्गने स्वतःच लिहून ठेवलं आहे. भिंत दिव्याच्या उजेडात आणि चालत्या माणसाच्या नजरेला कशी दिसेल, याचा असा हिशेब करणारा माणूस नुसत्या तत्त्वावर जगत नव्हता.

शेजारच्या मेजवानीच्या सभागृहात त्याने काटकोनच वापरले. तिथला रंगाचा सर्वांत लहान चौरस १.२० मीटरचा, आणि ते माप त्याने खोलीतल्या उष्णतायंत्रांवरून घेतलं होतं. थंड प्रदेशात भिंतीलगत ती लोखंडी यंत्रं असणारच, मग ती जाळीआड लपवण्यापेक्षा तीच मापाचा पाया केलेली बरी, हा विचार मला तिरक्या पट्ट्यांइतकाच आवडतो. सामान निवडतानाही हीच वृत्ती दिसते: काँक्रीट, लोखंड, जाड काच, ॲल्युमिनियम, निकेल, टेराझो, लिनोलियम. लाकूड शक्य तिथे टाळलेलं. राखदाण्या त्याने काढल्या, पाट्यांसाठी अक्षरवळण त्याने घडवलं. कोणती खोली कुठे आहे हे सांगणारा फलकही त्याच्याच हातचा.

आणि उजेड! त्याला सावल्या नको होत्या. खोलीभर सारखा, भरपूर, स्वच्छ प्रकाश, म्हणजे रंग आहे तसा दिसेल. सभागृहात मुलामा दिलेल्या पत्र्यांवर उघडे दिवे, सिने-बालमध्ये नळ्यांवर बसवलेले झोतदिवे. रात्रीचा धंदा करणाऱ्या कुणाच्याही मनात इथे पाल चुकचुकेल. माणसं रात्री बाहेर पडतात तेव्हा त्यांना थोडा अंधार हवा असतो. पाठीला भिंत, टेबलापुरता उजेड, समोरच्याचा चेहरा जरा मऊ दिसावा, आपण मात्र सगळ्यांना दिसू नये. कुठल्याही बारमध्ये कोपऱ्यातली टेबलं आधी भरतात ती यामुळेच. डूसबर्गने कोपरेही पुसले आणि अंधारही काढून घेतला.

गिऱ्हाइकांना ते थंड वाटलं, गैरसोयीचं वाटलं. मालकांचा पैसा गुंतलेला होता. त्यांनी गिऱ्हाइकाचं ऐकायला सुरुवात केली आणि मूळ योजनेत न बसणाऱ्या वस्तू आत येऊ लागल्या. उद्घाटनाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा डूसबर्गने एका मित्राला पत्रातून तळमळून कळवलं की लोकांना आपलं तपकिरी जग सोडवत नाही आणि पांढरं जग ते हट्टाने नाकारतात. त्याचं दुःख खरं आहे. तरी मला त्याची बाजू पूर्णपणे घेता येत नाही. दमूनभागून रात्री दोन घोट घ्यायला आलेल्या माणसाने नव्या जगाची परीक्षा का द्यावी? खोली कितीही थोर असली तरी तिथे बसणाऱ्याला थोडी जागा आपली वाटावी लागते.

म्हणूनच या तिघांतली माझी पसंती सोफीला आहे. आर्पने तळघरातल्या नाचघराच्या भिंतींवर अळंब्यांसारखे गोलसर, डुलणारे आकार काढले. तिथे वरच्या मजल्याचा कडकपणा नव्हता. सोफीने मात्र काटकोन सोडला नाही आणि तरीही तो सौम्य केला. चहाची खोली, पेस्ट्रीचं दुकान, तळमजल्यावरचा बार, वरचा फॉयर-बार: माणसं जिथे जास्त वेळ बसतात, अशा बऱ्याच जागा तिच्याकडे होत्या. फॉयर-बारला एका बाजूला सिने-बाल, दुसऱ्या बाजूला सभागृह. दोन गलबल्यांच्या मधली ही खोली तिने करड्या छटांवर तोलली आणि तेजस्वी रंग जपून वापरले. नाचून आलेल्या माणसाच्या डोळ्यांना कुठे विसावा द्यायचा, हे तिला कळलं होतं. कापडात टाका जिथे हवा तिथेच घालायची सवय इथे उपयोगी पडली, असं मी मानतो.

१९३८ पर्यंत मूळ सजावट झाकली गेली होती. डूसबर्गला ते पाहावं लागलं नाही. तो १९३१ मध्येच दावोसला वारला. सोफी १९४३ साली झुरिकमध्ये बिघडलेल्या शेगडीच्या विषारी वायूने गुदमरून गेली. ओबेतच्या मिळकतीतून तिने पॅरिसजवळ क्लामारला स्वतःच्या आराखड्याने घर-कार्यशाळा बांधली होती, आणि ते घर आजही उभं आहे. स्वित्झर्लंडने १९९५ मध्ये पन्नास फ्रँकच्या नोटेवर तिचा चेहरा छापला.

खोल्या परत मिळाल्या त्या विसाव्या शतकाच्या अखेरीस. नंतरच्या थरांखाली जुन्या रंगाच्या खुणा सापडल्या. कृष्णधवल छायाचित्रं आणि कलाकारांची रेखाटनं जुळवत आधी सिने-बाल उभं केलं गेलं, ते १९९४ पर्यंत. मग दुसऱ्या टप्प्यात जिना, सभागृह आणि फॉयर-बार. २००६ पासून हा वरचा मजला ‘ओबेत १९२८’ या नावाने लोकांना बघायला मिळतो. काम अत्यंत निष्ठेने झालं आहे. फक्त तिथे आता कुणी जेवत नाही. संग्रहालयाच्या वेळेत माणसं हळू आवाजात बोलत भिंती बघून जातात. सिगारेटचा धूर, बशांचा खणखणाट, पडद्यावरचा मूकपट आणि शेजारून घासून जाणारी जोडपी धरून ज्या भिंतींचा हिशेब केला होता, त्यांच्यावर अशा रिकामपणी निकाल देणं मला अन्यायाचं वाटतं. १९२८ च्या गिऱ्हाइकाने गर्दी पाहिली, पण भिंतींना वेळ दिला नाही. आपल्याकडे वेळ आहे, गर्दी नाही.

तळमजल्यावर आता दुकानं आहेत. सोफीची चहाची खोली, पेस्ट्रीचं दुकान आणि तिथला बार परत उभे राहिलेले नाहीत. त्यांची ओळख रेखाटनांवरून आणि जुन्या छायाचित्रांवरूनच करून घ्यावी लागते. त्यामुळे स्ट्रासबर्गला कुणी निघालं तर माझी एवढीच विनंती असते: सिने-बालकडे सगळेच धावतात, तुम्ही आधी फॉयर-बारमध्ये जा आणि तिथे जरा जास्त वेळ थांबा.