अभिकल्प-विचार व प्रणाली-विचार, अभियांत्रिकीतील
अभियांत्रिकीतील समस्या सोडविण्याच्या दोन परस्परपूरक विचारपद्धती. वापरणाऱ्याची गरज जाणून नमुना तयार करणे, तो प्रत्यक्ष वापरून पाहणे व आढळलेले दोष काढून पुन्हा घडविणे, हा अभिकल्प-विचाराचा क्रम होय. प्रणाली-विचारात एकट्या वस्तूपेक्षा घटकांमधील परस्परसंबंध, कालविलंब व पुनःप्रदाय (एखाद्या बदलाचा परिणाम फिरून त्याच्या मूळ घटकावर होणे) यांकडे लक्ष दिले जाते. हर्बर्ट सायमन यांचा द सायन्सेस ऑफ द आर्टिफिशियल (१९६९) व जे फॉरेस्टर यांचा इंडस्ट्रियल डायनॅमिक्स (१९६१) हे अनुक्रमे या पद्धतींच्या पायाभूत ग्रंथांपैकी होत.

दोहोंमधील भेद भारतातील हातपंपाच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. दुष्काळी भागांतील विंधण विहिरींवर प्रारंभी बसविलेले बिडाचे पंप पाश्चात्त्य देशांतील एका कुटुंबापुरत्या पंपांच्या धर्तीचे होते. साऱ्या गावाचा भार पडताच ते नादुरुस्त होत व पाण्यासाठी पुन्हा पायपीट करावी लागे. यावर उपाय म्हणून तयार झालेल्या पोलादी सोलापूर पंपात दांडा एकाच आसावर फिरे आणि दट्ट्याचा गज साखळीने जोडलेला असे. त्यामुळे झीज कमी झाली. त्याच्या आधारे १९७०–८० या दशकात युनिसेफच्या सहकार्याने ‘इंडिया मार्क २’ हा पंप विकसित झाला.

तथापि बंद पडलेला पंप किती दिवसांत सुरू होईल, हे केवळ त्याच्या रचनेवर अवलंबून नसते. वर्दी कोणी द्यावयाची, सुटे भाग कोठून आणावयाचे व खर्च कोणी सोसावयाचा, हेही ठरावे लागते. तमिळनाडूत यासाठी गावातील देखरेख करणारी व्यक्ती, गटपातळीवरील कारागीर व जिल्ह्याचे फिरते पथक अशी त्रिस्तरीय व्यवस्था करण्यात आली. मार्क २ मधील दट्ट्याच्या दुरुस्तीसाठी विहिरीतील नळ वर ओढावे लागत व त्याकरिता पथकाची वाट पाहावी लागे. पुढे मार्क ३ मध्ये नळ रुंद करून दट्ट्या त्यांतूनच बाहेर काढण्याची सोय केली गेली. व्यवस्थेतील अडचण अशा प्रकारे वस्तूच्या रचनेत बदल करून कमी झाली.

मात्र सिंचनासाठी बेसुमार उपसा होऊन भूजलपातळी खालावल्यास उत्तम पंपही कोरडा पडतो. म्हणून समस्येची सीमा पंपाशी, गावाशी की भूजलाशी आखावयाची, हा अभियंत्याचा पहिला निर्णय ठरतो. प्रणाली-विचार ही सीमा दाखवितो, तर अभिकल्प-विचार तिच्या आत उपयोगी पडणारी वस्तू घडवितो.