सायकलवर निघताना सनस्क्रीन कोणते घ्यावे? जुन्नर-आंबेगावच्या उन्हासाठी कामाच्या गोष्टी

शहरातल्या सायकलवाल्यांना एक सल्ला हमखास मिळतो: अंधारातच निघा आणि ऊन चढायच्या आत घरी या. आपल्याकडे हा सल्ला चालत नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हा सगळा पट्टा बिबट्याचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा असताना पोराला किंवा पोरीला अंधारात एकटं सायकलवर कोण पाठवणार? म्हणजे आपण निघतो चांगलं उजाडल्यावर, आणि परत येईपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असतं. म्हणून आपल्या भागात सनस्क्रीन ही चैन नाही, गरज आहे. पण दुकानात गेलं की वीस ट्यूब समोर येतात. त्यातली कोणती घ्यायची, आणि वजूचं काय, हे दोन प्रश्न आपल्या घरांत नेहमी निघतात. आज त्यांच्याबद्दलच बोलू.

आधी सावली बघा

ऊन किती कडक आहे हे तापमानावरून कळत नाही. हवा गार असली तरी अतिनील किरणं त्वचेला लागतच असतात. भीमाशंकरच्या धुक्यात किंवा माळशेजच्या ढगाळ हवेतही ती बऱ्यापैकी खाली पोहोचतात. सोपी खूण म्हणजे आपली सावली. सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल तर ऊन त्वचेसाठी कडक समजावं. एप्रिल-मेमध्ये साधारण सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीन अशी स्थिती असते. डिसेंबरात ती दुपारचे दोनेक तासच राहते. मेच्या मध्याला तर सूर्य जुन्नरच्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते.

ही खूण आपल्याला नवी नाही. असरची वेळही सावलीवरूनच ठरते, मग कोणी एक मिस्ल धरो की दोन. लक्षात ठेवायला सोपं: जोहरची वेळ म्हणजे ऊन सर्वांत कडक, असरपर्यंत त्याचा जोर ओसरलेला.

ट्यूबवर काय वाचायचं?

एसपीएफ: हा आकडा त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपासून किती संरक्षण मिळतं ते सांगतो. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के किरणं अडवतं, एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के. फरक एवढाच. म्हणून ५० च्या वरच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

पीए: यूव्हीए किरणं त्वचेत खोल जातात. काळे डाग, वांग, अकाली सुरकुत्या यांत त्यांचा मोठा वाटा. आपल्या सावळ्या त्वचेला भाजण्यापेक्षा वांगाचाच त्रास जास्त होतो, त्यामुळे हे बघणं महत्त्वाचं. पीए+++ किंवा पीए++++ घ्या, आणि 'ब्रॉड स्पेक्ट्रम' लिहिलेलं आहे ना ते तपासा.

वॉटर रेझिस्टंट: सायकलवर घाम येणारच. हे शब्द असलेलं सनस्क्रीन घामात जास्त टिकतं, पण तेही ४० किंवा ८० मिनिटंच. कायमचं वॉटरप्रूफ असं काही नसतं.

डोळ्यांची जळजळ: घाटघर, नाणेघाटाच्या चढावर कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरतो आणि सोबत सनस्क्रीनही. ज्यांना असा त्रास होतो त्यांनी झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं सनस्क्रीन बघावं. ते सहसा कमी झोंबतं. चेहरा पांढुरका दिसतो ही तक्रार असेल तर रंग मिसळलेलं, म्हणजे टिंटेड घ्या. त्यातलं आयर्न ऑक्साइड वांगावरही उपयोगी पडतं.

किती लावायचं?

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर, बुडापासून टोकापर्यंत, दोन रेघा ओढा. तेवढं सगळं लावायचं. निघण्याआधी १५-२० मिनिटं लावा आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. कान, मानेचा मागचा भाग आणि हँडलवर असलेल्या हातांची पाठ हमखास विसरली जाते.

हिशेब करून बघा. दिवसातून दोनदा नीट लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब जेमतेम तीन आठवडे जाते. आपल्या घरात ती चार महिने पुरत असेल, तर आपण लावतो म्हणतो, पण लावत नाही. म्हणून महागडं घेऊन काटकसर करण्यापेक्षा परवडणारं घेऊन भरपूर लावलेलं बरं.

वजूचं काय?

तेल किंवा त्वचेत मुरणारी क्रीम वजूला आड येत नाही. नेलपॉलिशसारखा पाणी अडवणारा थर असेल तर मात्र तो काढावा लागतो, असं उलमा सर्वसाधारणपणे सांगतात. साधं सनस्क्रीन बहुतेक मुरतं. जाड स्टिक किंवा खास खेळाडूंसाठीचं चिवट सनस्क्रीन असेल तर वजूआधी साबणाने चेहरा आणि हात धुऊन घ्या. शंका राहिलीच तर ट्यूब घेऊन आपल्या मशिदीतल्या मौलानांना दाखवा.

खरी गंमत पुढे आहे. वजू केला की सनस्क्रीन बरंचसं धुतलं जातं, आणि आपण परत सायकलवर बसतो ते जोहरनंतर, म्हणजे ऐन उन्हात. म्हणून छोटी ट्यूब खिशात हवीच. नमाज झाली की पुन्हा लावा, मग निघा. आपल्यासाठी चांगलं सनस्क्रीन तेच, जे सहज धुता येतं आणि कंटाळा न करता पुन्हा लावता येतं.

घटकांत 'सिटाइल अल्कोहोल' किंवा 'स्टिअरिल अल्कोहोल' दिसलं तर घाबरू नका. ते मेणासारखे पदार्थ आहेत, त्यांनी नशा होत नाही. 'डिनेचर्ड अल्कोहोल' असेल तर त्यावर उलमांची मतं वेगळी आहेत. मनात शंका नको असेल तर त्याशिवायची सनस्क्रीनही मिळतात.

कपडा हेच पहिलं सनस्क्रीन

जे अंग झाकलेलं आहे त्याला क्रीम लागत नाही. पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा कपडा घाला. स्कार्फ बांधणाऱ्या मुलींना चेहरा आणि हातांपुरतंच लावावं लागतं, ट्यूबही जास्त दिवस जाते. पण ओढणीचं किंवा बुरख्याचं टोक मोकळं सोडू नका. ते चाकात किंवा चेनमध्ये अडकलं तर जिवावर बेतू शकतं. टोक आत खोचा आणि स्कार्फवर हेल्मेट नीट बसतं का ते घरीच बघा.

आणखी दोन गोष्टी. सनस्क्रीन म्हणजे गोरं करणारी क्रीम नव्हे. डॉक्टरांना न विचारता घेतलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये कधी कधी स्टेरॉइड असतं, त्याने त्वचा पातळ होते आणि ऊन जास्तच लागतं. दुसरं म्हणजे, सनस्क्रीन उष्माघात थांबवत नाही. पाण्याची बाटली, सावलीतली विश्रांती याला पर्याय नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर क्रीम नको, सावलीच द्या.

तर पुढच्या रविवारी मंचरहून घोडेगावला निघा किंवा नारायणगावहून जुन्नरला, चांगलं उजाडू द्या, दोन बोटं भरून लावा आणि ट्यूब खिशात ठेवा. अम्मी-अब्बूंनीही लावायला हरकत नाही. शेतात आणि बाजारात ऊन त्यांनाही तेवढंच लागतं.