मिक्सिंगचा कॉम्प्युटर घेण्याआधी



तुळशीचं लग्न लागलं की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात मांडव पडायला लागतात. वणी असो, पुसद असो की दारव्हा, शूटिंगवाल्याशिवाय आता लग्न लागत नाही. शूटिंग झाल्यावर नको ते कापायचं, गाणी टाकायची, रंग नीट करायचे. आपण त्याला मिक्सिंग म्हणतो. घरी बसून करता येण्यासारखं हे काम आहे, आणि बायकांना ते नवंही नाही. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला, तेव्हा फिल्मला भोकं पाडायचं, रसायनं कालवायचं काम सरस्वतीबाई फाळके घरीच करत होत्या.

पण बचत गटातून कर्ज काढून कॉम्प्युटर घ्यायचा, तर पैसा कुठे घालायचा हे आधी समजून घेऊ. अर्ज आणि दाखले भरायचा कॉम्प्युटर इथे चालत नाही. फोर-के चित्रीकरणाच्या एका चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके असतात, आणि अशी निदान २५ चित्रं एका सेकंदात सरकतात. चांगल्या कॅमेऱ्याचं तासाभराचं शूटिंग ४५ जीबीपर्यंत जातं. दोन कॅमेरे तीन-तीन तास चालले, की झाले २७० जीबी!

स्वयंपाकघरासारखं बघा. प्रोसेसर म्हणजे मुख्य स्वयंपाकीण. रॅम म्हणजे ओटा. ओटा लहान असला की प्रत्येक भांडं उचलून ठेवण्यातच वेळ जातो, तसा कॉम्प्युटर अडकतो. १६ जीबीपेक्षा कमी रॅम घेऊच नका. फोर-केचं काम रोजचं असेल तर ३२ हवी. ग्राफिक्स कार्ड म्हणजे लग्नघरी पुऱ्या लाटायला बसलेल्या बायका: काम सोपंच, पण शंभर हात एकदम चालतात. लाखो ठिपक्यांचा रंग बदलायला असेच हात लागतात. दाविंची रिझॉल्व्हची बरीचशी मदार या कार्डावरच असते. त्याची एक आवृत्ती फुकट मिळते. अडोबी प्रीमियरला मात्र वर्गणी भरत राहावी लागते, ती कर्जाच्या हप्त्यासोबत हिशोबात धरा.

कोठी म्हणजे डिस्क. जुनी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते २०० एमबी देते, एनव्हीएमई एसएसडी हजारो. म्हणून चालू काम एसएसडीवर आणि झालेलं काम स्वस्त हार्ड डिस्कवर ठेवायचं. आणि एक प्रत नाही, दोन. सप्तपदी काही परत घेता येत नाही! दोन्ही प्रती उघडून बघितल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड पुसू नका.

आता आपल्याकडची खरी अडचण. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, आणि लग्नंही तेव्हाच. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मग सकाळी तासाभरात होणारं काम दुपारी रेंगाळतं. म्हणून आमच्या मते पातळ, देखण्या लॅपटॉपपेक्षा मोठ्या पंख्यांचा, सुटे भाग जोडून घेतलेला डेस्कटॉप बरा. पुढे रॅम वाढवायची झाली तर तेवढीच वाढवता येते. घरात कापूस साठवलेला असेल तर त्याचे तंतू पंख्यात बसतात. कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत ठेवा, पंखे साफ करत राहा. यूपीएस हवाच. त्यावर तासन्‌तास काम होत नाही, पण लाइट गेली तर काम सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करता येतो.

पैसे कमी पडत असतील तर प्रॉक्सीने काम भागतं. सॉफ्टवेअर शूटिंगची हलकी, लहान प्रत बनवतं, काटछाट त्या प्रतीवर करायची, शेवटचा व्हिडिओ मूळ शूटिंगमधून काढायचा. साध्या कॉम्प्युटरवरही पहिले एक-दोन सीझन असे निघतात.

दुकानात जाताना आपलंच शूटिंग पेन ड्राइव्हवर न्या. पाच मिनिटांचा तुकडा कापून, रंग बदलून, शेवटचा व्हिडिओ काढून दाखवायला सांगा. घड्याळ लावून तिथेच बसा. 'एकदम हेवी मशीन आहे ताई' एवढ्यावर पैसे मोजू नका.