भिजू दे की कॅमेरा!

पावसाळी ट्रेकला निघालेल्या कुठल्याही ग्रुपकडे जरा नीट बघा. निम्म्या मंडळींचे फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सॅकच्या तळाशी गेलेले असतात. उरलेल्या निम्म्यांचे फोन संध्याकाळी तांदळाच्या डब्यात जाण्याच्या वाटेवर असतात. ज्यासाठी पहाटे पाचला उठून घराबाहेर पडलो, ते धुकं, ते धो धो कोसळणारं पाणी, त्याचा फोटो कुणाकडेच नसतो. असतो तो परतीच्या वाटेवर टपरीत कांदाभजी खातानाचा!

म्हणूनच गेली काही वर्षं माझ्या रेनकोटच्या खिशात एक जाडजूड कॅमेरा असतो. पाण्याला न घाबरणारा, धुळीला न जुमानणारा आणि आपटला तरी हूं की चूं न करणारा. ‘अगं, एवढा चांगला फोन असताना हा ठोकळा कशाला?’ हा प्रश्न ऑफिसात ठरलेला. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर जरा ऐसपैस द्यावं लागेल.

ठोकळ्याची कुळकथा

पाण्यात नेण्याजोगा कॅमेरा काही आज जन्माला आलेला नाही. समुद्रातली भटकंती जगाला दाखवणारे जॅक कूस्तो यांच्यासाठी बेल्जियन इंजिनीअर जाँ द वूटर्स यांनी ‘कॅलिप्सो’ हा कॅमेरा तयार केला. १९६३मध्ये निकॉननं तोच ‘निकोनॉस’ या नावानं आणला. अर्थात, तो होता पाणबुड्यांचा. तुमच्या-आमच्यासारख्या वीकएण्ड भटक्यांची सोय झाली ती डिजिटल जमान्यात. २००६मध्ये ऑलिम्पसचा ‘म्यू ७२० एसडब्ल्यू’ आला. ३ मीटर खोल पाण्यात चालणारा आणि दीड मीटरवरून पडला तरी शाबूत राहणारा. त्याच घराण्यात २०२३मध्ये आलेल्या ‘टीजी-७’ची मजल १५ मीटर खोली आणि २.१ मीटर उंचीपर्यंत गेली आहे.

यातली गंमत अशी की, या कॅमेऱ्यांची लेन्स बाहेर येतच नाही. झूमची सगळी हालचाल पोटातल्या पोटात. बाहेर सरकणारी नळीच नसल्यानं तिथून पाणी शिरायचा प्रश्न मिटतो.

फोन काय वाईट?

वाईट मुळीच नाही. रात्रीचा फोटो, चेहऱ्याचा फोटो यात आजचा चांगला फोन माझ्या ठोकळ्याला सहज मागे टाकतो. यातला सेन्सर छोटा, हे मान्यच. पण फोनच्या खोक्यावरचं ‘आयपी ६८’ म्हणजे काय, हे एकदा समजून घ्या. त्यातला ६ धुळीसाठी आणि ८ पाण्यात बुडवण्यासाठी. किती खोल आणि किती वेळ, हे कंपनी ठरवते. ही चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात होते. मालवणचा खारा समुद्र आणि धबधब्याची धार यांचा तिथे हिशेबच नसतो. शिवाय ओल्या बोटांनी टचस्क्रीन चालवून बघा. हवं ते सोडून सगळं उघडतं!

इथे मात्र खरीखुरी बटणं असतात. गारठलेल्या, चिखलानं माखलेल्या बोटांनीही ती दाबता येतात. आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे कॅमेरा जपायची काळजी डोक्यातून जाते. गेल्या जुलैत राजमाचीच्या वाटेवर पाऊस पडत असतानाच एका ओढ्याकाठी मी चक्क बसकण मारली. दगडाच्या कपारीत एक खेकडा होता, शेजारच्या शेवाळावर थेंबांची रांग होती. या कॅमेऱ्यांचा मायक्रोस्कोप मोड अवघ्या १ सेंटिमीटरवरून फोकस करतो. त्यामुळे एकेका थेंबात वरचं झाड उलटं झालेलं पकडता आलं. पाऊस थांबायची वाट बघत बसले असते, तर खेकडा घरी गेला असता.

दिवाळीनंतर तारकर्लीत वेगळीच मजा. पाण्याखाली वस्तू खऱ्यापेक्षा जवळ आणि मोठ्या दिसतात, म्हणून मासा वाटतो त्याहून लांब असतो. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी विझतो. ५ मीटरच्या आसपास तो जवळपास गायबच होतो आणि फोटो निळा-हिरवा येतो. कॅमेऱ्यातला अंडरवॉटर मोड थोडी भरपाई करतो, पण खरा उपाय एकच, माशाच्या जवळ जा. पाणी गढूळ असेल तर फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर फोटोत माशाऐवजी तरंगणारे कणच चमकतील.

रबराची कडा सांभाळा

बॅटरीच्या झाकणाला आतून एक रबरी कडा असते. सगळा वॉटरप्रूफपणा तिच्या जिवावर. १० मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोनं वाढतो. म्हणजे काडेपेटीएवढ्या झाकणावरही १५ किलोच्या वर भार! तिथे वाळूचा एक कण किंवा एखादा केस अडकला, तरी पाणी आत येऊ शकतं. म्हणून पाण्यात उतरण्याआधी कडा मऊ कापडानं पुसायची, झाकणाची खिट्टी दोनदा तपासायची आणि ओल्या हातानं किंवा वाऱ्यात वाळू उडत असताना ते उघडायचं नाही.

समुद्रातून आलात की कॅमेरा बंद झाकणानिशी गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. मीठ वाळलं की बटणं अडकतात. वज्रेश्वरीच्या गरम कुंडात त्याला नेऊ नका. गरम पाणी या रबराला सोसत नाही. ही कडा दर वर्षी बदलून घेणं उत्तम. आणि कॅमेरा जोरात आपटला असेल, तर वरून ठीक दिसला तरी लगेच पाण्यात घालू नका.

एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्स धुरकट होते, तेव्हा घाबरू नका. काचेवर बाहेरून बाष्प धरतं, दहा मिनिटांत जातं. धुकं आतून दिसलं, तर मात्र थेट सर्व्हिस सेंटर गाठा.

आणखी एक गोष्ट. हे कॅमेरे सहसा तरंगत नाहीत, दगडासारखे तळाशी जातात. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग करणार असाल, तर केशरी रंगाचा तरंगणारा पट्टा आधी घ्या.

वॉटरप्रूफ कोण?

आता जरा गंभीर. कॅमेरा भिजायची भीती गेली की पाण्याचीही भीती जाते, आणि घोळ इथेच होतो. दोन वर्षांपूर्वी ताम्हिणीत आमच्या ग्रुपमधला एकजण प्रवाहाच्या मधल्या खडकावर जायला निघाला. ‘कॅमेरा वॉटरप्रूफ आहे ना, मग मधूनच घेतो की शॉट!’ पाणी जेमतेम घोट्याएवढं होतं. आमच्या लीडरनं दंड धरून त्याला मागे खेचलं. वर डोंगरात पाऊस सुरूच होता. अर्ध्या तासानं तो खडक आम्हाला दिसतही नव्हता. परत येताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही.

३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं अशाच अचानक वाढलेल्या पाण्यात वाहून गेली. त्यानंतर काही दिवसांतच माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी व्हिडिओ काढताना एक तरुणी दरीत कोसळून गेली. दोन्ही बातम्या आपण सगळ्यांनी फोनवर वाचल्या आणि पुढच्या शनिवारचे प्लॅन केले.

म्हणून आमच्या ग्रुपचे आता तीन नियम आहेत. कॅमेऱ्याची दोरी मनगटाला, म्हणजे घसरलं तर हात आधाराला मोकळे. फोटो उभ्यानं, थांबून, चालता चालता नाही. आणि वाहत्या पाण्यात, कड्याच्या टोकावर फोटोसाठी कुणीही जायचं नाही. जिथे बंदीचा बोर्ड आहे, तिथे तर नाहीच. शॉट चुकला तर चुकला. झूम कशासाठी दिलाय?

कॅमेऱ्याच्या खोक्यावर ठळक अक्षरात १५ मीटर छापलेलं असतं. आपल्या अंगावर असा आकडा कुणी छापलेला नाही. तेव्हा यंदाच्या पावसात कॅमेऱ्याला खुशाल भिजू दे, आपण काठावर राहू.