रोलर थरथरतो, पण किती?

महामार्गाच्या भरावावर मुरमाचा थर पडतो, टँकर पाणी मारून जातो, ग्रेडर थर सारखा करतो आणि मग रोलर येतो. ड्रम थरथरू लागला की आपल्या पायाखालची जमीनही हलते आणि बघणाऱ्याला वाटते, दबाई झकास चालली आहे. मला चिंता वाटते ती नेमकी याची. अकरा टनी रोलरच्या थरथरीतला एक तृतीयांश जोर गेला, तरी शेजारी उभ्या माणसाला ती जोरदारच वाटते. आवाज तसाच, धूळ तशीच, फेऱ्याही ठरलेल्या तेवढ्याच. फरक पडतो तो थराच्या तळाशी. पुढे रस्ता खचला की दोष मुरमाला जातो, पाण्याला जातो, जादा माल भरलेल्या ट्रकला जातो. त्या दिवशी रोलरची थरथर कुणी मोजली होती का, हे फारसे कुणी विचारत नाही.

थरथर लागते कशाला? धान्याचा डबा काठोकाठ भरला आणि दोनदा हलवला की वर चार बोटे जागा होते. मुरूम आणि खडी यांचेही तेच होते. हादऱ्याने कण क्षणभर एकमेकांवरची पकड सोडतात आणि बारीक कण जाड कणांच्या फटीत उतरतात. नुसत्या वजनाने हे काम वरच्या वरच होते. म्हणून तर केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांत रस्त्याच्या खालच्या खडीच्या थरासाठी, म्हणजे जीएसबीसाठी, १०० मिलिमीटरपर्यंतच्या थरावर साधा ८ ते १० टनी रोलर चालतो, पण २०० मिलिमीटरपर्यंतचा थर एका दमात दाबायचा तर व्हायब्रेटरी रोलरच लागतो. म्हणजे दुप्पट जाडीची परवानगी मिळते ती केवळ थरथरीच्या भरवशावर. ती थरथर कमी पडली तर वरचा अर्धा थर घट्ट आणि खालचा अर्धा पोकळ, असा रस्ता तयार होतो. (चिकण काळ्या मातीची गोष्ट वेगळी. तिच्यात अडकलेले पाणी थरथरीने निघत नाही. तिला मळून काढावे लागते आणि त्यासाठी खुरांसारख्या उंचवट्यांचा ड्रम लागतो.)

आता ड्रमच्या आत डोकावू. तिथे एक दांडा असतो, एका बाजूला मुद्दाम जड केलेला. यालाच एक्सेंट्रिक शाफ्ट म्हणतात. इंजिन हायड्रॉलिक पंप फिरवते, पंपाच्या तेलाच्या दाबाने एक मोटर फिरते आणि ती मोटर या दांड्याला गरगर फिरवते. जड बाजू जिकडे जाईल तिकडे ड्रम ओढला जातो. अकरा टनी रोलरमध्ये हे सेकंदाला साधारण ३० वेळा, म्हणजे मिनिटाला १८०० वेळा होते आणि ड्रम आपल्या मूळ जागेपासून सुमारे १.८ मिलिमीटर हलतो. थरथरणारा भाग चार टनांचा धरला तर जोर निघतो सुमारे २५६ किलोन्यूटन. ड्रमखालच्या जमिनीवर एरवी सहा टनांच्या आसपास भार असतो. हा जोर म्हणजे २६ टन.

आणि हा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. मिनिटाला १८०० ऐवजी १६२० फेरे झाले, तर फेरे दहा टक्के घटले, पण जोर १९ टक्के घटला. १४४० झाले तर ३६ टक्के गेला. मिनिटाला १८०० आणि १४४० यांतला फरक कानाला सहज कळत नाही, अंगाला तर नाहीच. म्हणून मोजायचे.

मोजणीची तयारी मोजणीइतकीच महत्त्वाची असते. पक्क्या काँक्रीटवर ड्रम कधीही थरथरवायचा नाही. जमीन हलत नाही, सारा हादरा उलटून बेअरिंगवर येतो. ड्रम जुन्या टायरांवर चढवतात किंवा सैल मातीवर उभा करतात. मागच्या चाकांना ठोकळे, पार्किंग ब्रेक, मधल्या सांध्याला लॉक आणि ड्रमच्या पुढे-मागे एकही माणूस नाही, हे झाल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. मग यंत्र तापू द्यायचे. हायड्रॉलिक तेल थंड असताना दाट असते आणि झिजलेल्या पंपातूनही फारसे निसटत नाही. तेच तेल तापून पातळ झाले की आतल्या आत गळू लागते. सकाळी आठला उत्तम चालणारा रोलर विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी दोनला मरगळतो, तो यामुळे. थंड यंत्रावर घेतलेली चाचणी म्हणूनच माझ्या लेखी चाचणीच नव्हे.

आधी इंजिनाचे फेरे बघायचे. डिझेल फिल्टर तुंबला असेल तर इंजिन भार येताच बसते आणि पुढचे सगळे आकडे खोटे ठरतात. त्यानंतर थरथरीची वारंवारता. यासाठी सिरोमीटर नावाचे खिशात मावणारे उपकरण मिळते. त्यातून एक बारीक तार बाहेर येते. उपकरण यंत्राला टेकवून तबकडी फिरवत जायचे. तारेची लांबी थरथरीशी जुळली की तिचे टोक एकदम रुंद झुलू लागते आणि तबकडीवर आकडा वाचता येतो. ना बॅटरी, ना वायर. आता मोबाइलच्या ॲपवरही अनेकजण मोजतात. मातीच्या रोलरच्या ३० हर्ट्झला ते बऱ्यापैकी चालते, पण डांबरावरचे दोन ड्रमचे रोलर ५०-६० हर्ट्झवर चालतात आणि सेकंदाला १०० नोंदी घेणाऱ्या फोनला ती गती पकडता येत नाही. तो बेधडक चुकीचा आकडा दाखवतो.

ऑपरेटरच्या अंदाजावर मात्र विसंबू नये, मग तो कितीही मुरलेला असो. ड्रम आणि सांगाडा यांच्यामध्ये रबराचे जाड बफर असतात. थरथर जमिनीत जावी, माणसाच्या पाठीत जाऊ नये, हे त्यांचे काम. ते कडक झाले किंवा फाटले की सीटवर धक्के वाढतात आणि ऑपरेटर म्हणतो, आज मशीन जोरात आहे. खरे तर यंत्र आजारी असते आणि तो माणूस दिवसभर ते हादरे मणक्यावर झेलत असतो. त्यामुळे प्रत्येक बफर टॉर्च लावून पाहणे हा चाचणीचाच भाग आहे.

वारंवारता बरोबर आली म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. ड्रम किती सरकतो, म्हणजे आयाम, तोही पाहावा लागतो. बहुतेक रोलरवर ‘हाय’ आणि ‘लो’ असे दोन पर्याय असतात. दांड्यावर एक वजन पक्के आणि एक सुटे असते. एका दिशेने फिरवले की दोन्ही वजने एका बाजूला येतात आणि झेप मोठी होते, उलट फिरवले की एक दुसऱ्याचा जोर कमी करते. मोठ्या झेपेला ३० हर्ट्झ, लहान झेपेला ३६, अशी जोडी साधारण ठरलेली असते. मोटर दुरुस्त करून बसवताना तिचे दोन होज उलटसुलट लागले, तर मोठ्या झेपेला जास्त वेग मिळतो आणि २५६ च्या जागी सुमारे ३६८ किलोन्यूटन जोर बेअरिंगवर कोसळतो. रोलर त्या दिवशी फार छान चालतो. बेअरिंग मात्र फार दिवस टिकत नाहीत. म्हणून दुरुस्तीनंतर दोन्ही दिशा स्वतंत्र तपासायच्याच.

आकडा कमी आला तर दोष शोधताना दाबाचे गेज बोलते. थरथर सुरू करताच जड दांड्याला गती देण्यासाठी दाब उसळतो आणि गती मिळाली की खाली येऊन स्थिरावतो. उसळलाच नाही, तर पंप किंवा त्याचा रिलीफ व्हॉल्व्ह कमजोर. उसळून तसाच वर राहिला, तर दांडा जड फिरतो आहे, म्हणजे बेअरिंग जाम होते आहे किंवा ड्रममध्ये तेल प्रमाणाबाहेर भरले आहे. एक दिशा चालते आणि दुसरी नाही, तर पंपावर संशय घेण्याआधी पंपाची दिशा ठरवणाऱ्या दोन कॉइलच्या वायरी आपसात बदलून पाहाव्यात. दोष जागा बदलतो का, एवढे बघितले तरी महागडा पंप उगाच उघडणे टळते. गेज लावताना मात्र यंत्र बंद आणि दाब उतरलेला हवा. शेकडो बारच्या तेलाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी हात गमवावा लागू शकतो.

थरथर चोख असली तरी वेग चुकला तर काम वाया जाते. विनिर्देशांत ताशी ५ किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाला १८०० फेऱ्यांवर दर साडेचार सेंटिमीटरला एक ठोका पडतो. फेरे १४४० आणि वेग ८ झाला, की हे अंतर नऊ सेंटिमीटरच्या वर जाते आणि प्रत्येक ठोकाही हलका असतो. संध्याकाळ व्हायला आली की साइटवर वेग कसा वाढतो, हे तिथे वावरणाऱ्याला सांगायला नको.

आता रोलरच जमिनीचा घट्टपणा सांगू लागले आहेत. १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये हाइन्झ थर्नर यांनी ड्रमवर त्वरणमापक बसवला. जमीन जशी घट्ट होते, तशी ड्रमच्या मूळ थरथरीत दुप्पट वारंवारतेची थरथर मिसळत जाते. या दोहोंच्या गुणोत्तरावरून जमीन किती कडक झाली ते कळते. आपल्याकडे लखनौ–कानपूर द्रुतगती मार्गावर अशा रोलरांचा प्रायोगिक वापर झाला आहे. हे तंत्र महाराष्ट्रात सर्वत्र यावे असे मला मनापासून वाटते. पण पडद्यावरचा तो आकडा जमिनीवर जितका अवलंबून असतो, तितकाच ड्रमच्या वारंवारतेवर आणि आयामावरही असतो. ड्रम १८०० ऐवजी १६०० वर फिरत असेल तर कालच्या आणि आजच्या आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही. साइटच्या लॉगबुकात डिझेलचा रकाना असतो, तासांचा असतो. तिथे तापलेल्या यंत्रावर, दोन्ही दिशांना मोजलेल्या वारंवारतेचा रकाना हवा, आणि वाळू ओतून घेतलेल्या घनतेच्या अहवालाला तो जोडलेला हवा. घनता कमी आली तर मुरूम उकरण्याआधी इंजिनिअरने त्या रकान्यावर नजर टाकावी.